सहा कॉम्प्युटर, एक फाइल आणि चुकीचा दाखला: ॲक्सेसच्या रिपोर्टांबद्दल

मार्चचा दुसरा आठवडा होता. बेदाण्याची आवक जोरात, फाटकाबाहेर टेम्पोंची रांग. सावळजकडचे एक काका माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. हातात दहा मिनिटांपूर्वी आम्हीच छापून दिलेला शिल्लक दाखला. म्हणाले, "ताई, वर नाव माझं हाय, पण खालचा एक बी लॉट माझा न्हाई."

मी कागद घेतला. नाव, गाव, खाते क्रमांक सगळं त्यांचंच. खाली चार लॉट, एकूण ३१२ बॉक्स, आणि ते चारही लॉट कवठेमहांकाळकडच्या दुसऱ्याच शेतकऱ्याचे. काका हा दाखला घेऊन बँकेत तारण कर्जासाठी निघाले होते. जाता जाता त्यांनी तो वाचला, म्हणून परत आले. मी त्यांच्यासमोरच पुन्हा बटण दाबलं. दाखला अगदी बरोबर आला, त्यांचे दोन लॉट, १४६ बॉक्स. काकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. काय सांगावं ते मला कळेना.

तासगाव भागातल्या एका कोल्ड स्टोअरेजचं ऑफिस मी सतरा वर्षं सांभाळते. शेतकरी बेदाणा आणतो, काट्यावर वजन होतं, लॉट नंबर पडतो, माल आत जातो, सौद्याला निघाला की जावक होते आणि शेवटी भाड्याचं बिल. हा सगळा हिशोब आम्ही मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. सहा कॉम्प्युटर आहेत: काटा, आवक, जावक, हिशोब, माझं टेबल आणि मालकांचा लॅपटॉप. हे परीक्षण त्या ॲक्सेसचं आहे, आणि त्यातही मुख्यतः रिपोर्टांचं, कारण आमच्या कामातला शेतकऱ्याच्या हातात पडतो तो भाग म्हणजे रिपोर्टच. स्क्रीनवर आम्ही काय भरलं ते तो बघत नाही. तो कागद बघतो आणि त्या कागदावर बँक त्याला पैसे देते.

त्या चुकीच्या दाखल्याचं मूळ सापडायला मला अकरा दिवस लागले. मी पुन्हा छापला की बरोबर यायचा, म्हणून सगळे म्हणायचे, झालं असेल काहीतरी. त्या अकरा दिवसांत आणखी दोन दाखले असेच निघाले. दोन्ही छपाईनंतर लगेच लक्षात आले, पण माझी झोप उडाली होती. सुरुवातीला मी रिपोर्टच उघडून बसले. क्वेरी, म्हणजे हवी ती माहिती निवडून आणणारी आज्ञा, तपासली, जोडण्या तपासल्या, बेरजा हाताने केल्या. चूक कुठेच नाही. मग एका दुपारी तिन्ही चुकीचे कागद टेबलावर मांडले आणि तळातली छपाईची वेळ वाचली. ती वेळ टाकायची सोय आमची प्रणाली बांधणाऱ्या मुलाने पहिल्या दिवसापासून करून ठेवली होती, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पहिल्या कागदावर ११:४२. जावकच्या टेबलावरच्या ताईंची त्या दिवशीची फाइल काढली. त्यांनीही एक दाखला छापला होता, ११:४२ लाच. कवठेमहांकाळच्या शेतकऱ्याचा. उरलेल्या दोन्ही कागदांचंही तसंच.

तिथून पुढे सगळं उलगडलं. दाखल्याचं बटण दाबलं की आधी एक तात्पुरतं टेबल, म्हणजे फाइलीतला माहितीचा तक्ता, रिकामं व्हायचं, मग निवडलेल्या शेतकऱ्याचे लॉट त्यात भरले जायचे आणि रिपोर्ट त्या टेबलावरून उघडायचा. हे टेबल सगळ्यांच्या सामाईक फाइलीत होतं, म्हणजे सहा कॉम्प्युटरना मिळून एकच. मी बटण दाबलं, माझे लॉट भरले गेले. रिपोर्ट उघडायच्या आत जावकच्या ताईंनी बटण दाबलं, माझे लॉट पुसून त्यांचे भरले गेले. आता माझा रिपोर्ट उघडला तो त्यांचे लॉट घेऊन. वरचं नाव मात्र माझ्या स्क्रीनवरच्या फॉर्मवरून येत होतं, म्हणून ते काकांचंच राहिलं. दोन-तीन सेकंदांचा खेळ. मे-जूनमध्ये दिवसाला चार दाखले निघतात तेव्हा असं कधी होत नाही. मार्चमध्ये चाळीस निघतात आणि दोन टेबलांवरून एकाच वेळी निघतात.

ॲक्सेस इथे चुकलं नाही. त्याला जे सांगितलं तेच त्याने केलं. आम्ही सहा जणांनी एकच फाइल शेअर्ड फोल्डरमधून उघडायची सवय लावून घेतली होती आणि ती वर्षानुवर्षं चालली, म्हणून कोणी हात लावला नाही.

ॲक्सेस १९९२ साली बाजारात आलं. इतकं जुनं असल्यामुळे अनेकांना वाटतं की ते एका माणसाच्या एका कॉम्प्युटरसाठीच आहे. तसं नाही. एकाच वेळी २५५ जणांनी फाइल उघडावी इतकी कागदोपत्री मर्यादा आहे. प्रत्यक्षात माझ्या अनुभवाने दहा-बारा जणांच्या ऑफिसला ते उत्तम चालतं. एक अट मात्र पाळलीच पाहिजे: फाइलीचे दोन भाग करायचे. टेबलं एका फाइलीत, ती सर्व्हरवर. तिला बॅक-एंड म्हणतात. फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट आणि कोड दुसऱ्या फाइलीत, म्हणजे फ्रंट-एंडमध्ये, आणि तिची वेगळी प्रत प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर. फाइल दुभागायची सोय ॲक्सेसमध्येच आहे, डेटाबेस टूल्समध्ये. टेबलं हलवायला आम्हाला अर्धा तास लागला. ते तात्पुरतं टेबल मी मुद्दाम फ्रंट-एंडमध्ये ठेवलं. आता प्रत्येकाचं तात्पुरतं टेबल त्याच्याच कॉम्प्युटरवर भरतं. त्या दिवसापासून दोन शेतकऱ्यांचे लॉट एकदाही मिसळलेले नाहीत. आता तीन हंगाम झाले.

फाइल दुभागल्यावर इतर तक्रारीही गळून पडल्या. रिपोर्टमध्ये एखादा रकाना वाढवायला गेलं की पूर्वी निरोप यायचा, तुम्हाला या फाइलीचा एकहाती ताबा नाही, केलेले बदल कदाचित सेव्ह होणार नाहीत. मग मी सगळ्यांना ओरडून सांगायची, बाहेर पडा रे दोन मिनिटं. मार्चमध्ये काट्यावरच्या माणसाला बाहेर पड म्हणणं म्हणजे टेम्पोंची रांग रस्त्यावर नेणं. आता मी माझ्या प्रतीत बदल करते, तपासते आणि नवी प्रत सर्व्हरवर ठेवते. प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर एक छोटी बॅच फाइल आहे. सकाळी तिच्यावर क्लिक केलं की ती सर्व्हरवरची ताजी प्रत उचलून आणते आणि उघडते. सगळ्यांनी पूर्ण ॲक्सेस विकत घ्यावं असंही नाही. काटा आणि आवकच्या कॉम्प्युटरवर आम्ही फुकट मिळणारं रनटाइम टाकलं आहे. त्यात रिपोर्ट चालतो, छापतो, पण डिझाइन उघडत नाही. मला हे फार सोयीचं वाटतं, कारण चुकून कोणी रकाना ओढून ठेवत नाही. तिथे फक्त फ्रंट-एंडचं फोल्डर विश्वासू जागा म्हणून नोंदवावं लागतं, नाहीतर कोड बंद राहू शकतो आणि बटण दाबलं तरी काहीच होत नाही.

आता भाड्याच्या बिलाबद्दल, कारण यात पैसे गुंतलेले आहेत. एका वर्षी हिशोबनिसांनी सांगितलं की महिन्याच्या सुरुवातीच्या तारखा टाकल्या की बिलाची यादी चुकते आणि नंतरच्या तारखा टाकल्या की बरोबर येते. ऐकायला अंधश्रद्धेसारखं वाटलं. मी स्वतः बसून एकेक तारीख टाकून पाहिली. १३ एप्रिलपासून पुढे सगळं चोख. १२ एप्रिलपर्यंत जवळजवळ सगळं वेडंवाकडं. हा बाराचा आकडा दिसला आणि कारण कळलं. आपण तारीख लिहितो ०५/०४, म्हणजे ५ एप्रिल. कोडमधून क्वेरी बांधताना तारीख जशीच्या तशी चिकटवली की ॲक्सेस ती अमेरिकन पद्धतीने वाचतं, आधी महिना मग दिवस. म्हणजे ४ मे. १३/०४ आली की तेरावा महिना नसतो, म्हणून ते स्वतःच उलटं करून घेतं आणि बरोबर उत्तर देतं. चूक अशी अर्धी लपलेली असल्यामुळेच ती वर्षभर निभावली. आणखी गोंधळ असा की तीच तारीख क्वेरीच्या डिझाइनमध्ये हाताने टाकली तर बरोबर यायची, कारण तिथे विंडोजच्या सेटिंगप्रमाणे वाचलं जातं. उपाय एका ओळीचा: कोडमध्ये तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमाने बांधायची. ॲक्सेस वापरणाऱ्या भारतातल्या प्रत्येक ऑफिसने आजच्या आज ५ एप्रिलसारख्या तारखेचा एक रिपोर्ट काढून हाताने पडताळावा, असं मला मनापासून वाटतं.

एकाच कॉम्प्युटरवर रिपोर्ट बिघडतो तेव्हा रिपोर्ट उघडून बसू नका. तो कॉम्प्युटर बघा. आमच्याकडे आवकच्या टेबलावर जुनं ऑफिस होतं आणि माझ्याकडे नवं. माझ्याकडे तयार केलेल्या प्रतीत एक्सेलच्या लायब्ररीचा, म्हणजे तयार कोडच्या संग्रहाचा, संदर्भ नव्या आवृत्तीकडे बोट दाखवायचा. जुन्या कॉम्प्युटरवर ती लायब्ररीच नाही, म्हणून रिपोर्टमध्ये तारखेच्या जागी '#नेम?' छापून यायचं. तारखेचा आणि एक्सेलचा काय संबंध, असं वाटेल. पण एक संदर्भ हरवला की साधी साधी फंक्शन्सही चालेनाशी होतात. कोडच्या खिडकीत टूल्समधल्या रेफरन्सेसमध्ये गेलं की हरवलेल्या नावापुढे 'मिसिंग' लिहिलेलं असतं. आम्ही तो संदर्भ काढूनच टाकला आणि एक्सेलशी बोलणारा कोड वेगळ्या पद्धतीने लिहिला.

'#एरर'ची गोष्ट वेगळी. मी पाहिलेल्या बहुतेक '#एरर' दोन कारणांच्या निघाल्या. एक, बेरीज पानाच्या तळपट्टीत टाकलेली. तिथे बेरजेचं सूत्र चालत नाही; ते गटाच्या किंवा रिपोर्टच्या शेवटच्या पट्टीत टाकावं लागतं. दुसरं, रिपोर्टमधल्या चौकटीला आणि टेबलातल्या रकान्याला एकच नाव. चौकटीचं नाव 'वजन' आणि सूत्रातही 'वजन', मग ते स्वतःलाच विचारत बसतं. चौकटीचं नाव बदललं की मिटलं.

प्रिंटरने आम्हाला कमी छळलं नाही. काट्यावर डॉट मॅट्रिक्स, बाकी ठिकाणी लेझर. एका रिपोर्टच्या पेज सेटअपमध्ये डीफॉल्ट प्रिंटरऐवजी ठराविक प्रिंटर निवडलेला राहिला होता, त्यामुळे मालकांनी केबिनमध्ये बसून छापलेला कागद काट्यावर निघायचा. आणि ते दर पानानंतर येणारं कोरं पान! यात गणित आहे फक्त. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना दीड दीड सेंटिमीटर मार्जिन सोडलं तर रिपोर्टला उरतात १८. आमचा रिपोर्ट १८.४ होता, कारण कोणीतरी एक रेघ जराशी उजवीकडे ओढली होती. तेवढ्या चार मिलिमीटरसाठी ॲक्सेस आख्खं पान टाकतं.

मराठीचं सांगायलाच हवं. ॲक्सेस २००० पासून युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची एकच पद्धत, समजतं, त्यामुळे नावं, गावं, शेरा सगळं मराठीत ठेवता येतं, शोधता येतं, छापता येतं. आमची सगळ्यात जुनी नावं मात्र युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये भरलेली होती. तो फॉन्ट असलेल्या कॉम्प्युटरवर 'पाटील' दिसायचं आणि नसलेल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. मी दोन पावसाळे बसून ती नावं युनिकोडमध्ये पुन्हा भरली. दुसरं, चौकटीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली तर वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात. 'खर्डे' या गावाच्या नावावरचा रफार जाऊन 'खडे' छापलं गेलेलं मी पाहिलं आहे. चौकट थोडी उंच करायची आणि 'कॅन ग्रो', म्हणजे मजकुराप्रमाणे चौकट वाढू देणारी सोय, चालू ठेवायची. आणि लांब शेरा रिपोर्टमध्ये मध्येच तुटत असेल तर क्वेरीत त्या रकान्यावर गट केला आहे का ते बघा. गट केला की ॲक्सेस फक्त पहिली २५५ अक्षरं घेतं.

वेग. मी एकटी असले की महिन्याचा रिपोर्ट चार सेकंदांत, दुसरं कोणी आत आलं की चाळीस. हे कोडं बऱ्याच ऑफिसांत असतं. फाइल सामाईक उघडली की तिच्या शेजारी एक लॉक फाइल तयार होते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसली जाते. कोण कुठे लिहितंय याची ती हजेरी-वही. नोटपॅडमध्ये उघडली तर कॉम्प्युटरची नावंही वाचता येतात. फ्रंट-एंडने बॅक-एंडशी जोडणी सतत उघड-मीट केली की दरवेळी या वहीशी पुन्हा व्यवहार होतो आणि तिथेच वेळ जातो. मी बॅक-एंडमधल्या एका छोट्या टेबलावरचा फॉर्म सुरुवातीलाच उघडून लपवून ठेवते. त्यामुळे जोडणी दिवसभर उघडी राहते. चाळीसचे सहा सेकंद झाले. या लॉक फाइलीसाठी सगळ्यांना त्या फोल्डरमध्ये फाइल तयार करायची आणि पुसायची परवानगी लागते, हे सर्व्हर बसवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

आमची फाइल दोनदा खराब झाली. दोन्ही वेळा कारण आमच्याच ऑफिसात सापडलं. पहिल्यांदा मालकांचा लॅपटॉप वायफायवर होता. कोल्ड रूमच्या पॅनेलच्या भिंतींतून सिग्नल येतो-जातो, आणि नोंद लिहिली जात असताना तो तुटला. लॅपटॉपला केबल दिली. दुसऱ्यांदा लाइट गेली. सगळ्या कॉम्प्युटरना यूपीएस होता, म्हणून आम्ही निर्धास्त. पण भिंतीवरचा नेटवर्कचा स्विच साध्या प्लगवर होता. जनरेटर सुरू होईपर्यंतच्या वीस सेकंदांत कॉम्प्युटर चालू आणि मधली वाट बंद. पाच जणांचं लिहिणं अर्ध्यावर तुटलं. रात्री सगळ्यांना बाहेर काढून, आधी प्रत घेऊन, कॉम्पॅक्ट अँड रिपेअर ही ॲक्सेसमधलीच फाइल दुरुस्तीची सोय चालवली. फाइल आली, एका लॉटची जावक पुन्हा भरावी लागली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः उभी राहून तो स्विच यूपीएसवर घेतला.

ॲक्सेसच्या मर्यादा खऱ्या आहेत. एका फाइलीची मर्यादा २ जीबी. मॅकवर ते चालत नाही. इंटरनेटवरून, व्हीपीएनवरून किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमधून बॅक-एंड चालवायचा विचारही करू नये. अपडेटच्या बाबतीत मी सावध असते, कारण नोव्हेंबर २०१९ मधल्या एका सुरक्षा अपडेटनंतर साध्या अपडेट क्वेरींनाही 'क्वेरी खराब आहे' असा निरोप येत होता आणि मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली. आम्ही हंगामात कोणतंही अपडेट आधी एकाच कॉम्प्युटरवर घेतो.

तरीही रिपोर्टच्या बाबतीत, आमच्यासारख्या ऑफिसला परवडेल असं दुसरं साधन मला सापडलेलं नाही. शेतकरीनिहाय गट, त्यात मालाच्या प्रतवारीनिहाय उपगट, प्रत्येकाची बेरीज, शिलकीची धावती बेरीज, गट पानावर तुटू नये ही सोय, आणि शेवटी थेट पीडीएफ, जी मी शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवते. एकच लक्षात ठेवा, क्रम लावायचा तो रिपोर्टच्या 'ग्रुप अँड सॉर्ट'मध्ये. क्वेरीत लावलेला क्रम रिपोर्ट जुमानेलच असं नाही.

आमची बॅक-एंड आज ४८० एमबी आहे. दीड जीबीच्या पुढे गेली की टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्याच मोठ्या डेटाबेसवर न्यायची आणि रिपोर्ट ॲक्सेसमध्येच ठेवायचे, असं मालकांशी बोलून ठेवलं आहे. प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी आता वेळेबरोबर कॉम्प्युटरचं नावही छापतो. रिपोर्ट चुकला अशी तक्रार आली की मी पहिले दोन प्रश्न तेच विचारते: कोणत्या कॉम्प्युटरवर, आणि त्या वेळी आत आणखी कोण होतं?

सावळजचे काका अजून माल आमच्याकडेच ठेवतात. दाखला हातात दिला की चष्मा लावतात आणि एकेक लॉट नंबर बोट ठेवून वाचतात. त्यांचं वाचून होईपर्यंत मी शिक्का मारत नाही.